इंग्रजीतले चार लहान शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काही उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावले, म्हणून आज मी इंग्रजीतल्या चार लहान शब्दांवर बोलणार आहे. ते शब्द म्हणजे कॅन, मे, कुड आणि वुड. हळदीकुंकवाच्या दिवशी हा इंग्रजीचा तास कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्यांच्यासाठी आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. मोठ्या गावी नेऊन शस्त्रक्रिया केली, ती चांगली झाली. घरी सोडताना एक कागद मिळाला. औषधांच्या यादीखाली दोन ओळी होत्या : ‘पेशंट मे सिट अप. मे वॉक विथ सपोर्ट.’ घरात इंग्रजी वाचणारी मीच. मे म्हणजे कदाचित, हे शाळेत पाठ केलेले. मी सर्वांना अर्थ सांगितला : कदाचित बसतील, कदाचित आधाराने चालतीलही. म्हणजे त्या आपण होऊन केव्हा बसतात याची वाट पाहायची, असे आम्ही ठरवले. तीन आठवडे त्यांना अंथरुणावरून हलू दिले नाही. पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “अहो, अजून बसवले नाही? मी लिहून दिले होते ना!” तो ‘मे’ कदाचितचा नव्हताच, तो परवानगीचा होता. बसायला हरकत नाही, आधार देऊन चालवा, असे त्यांनी लिहिले होते. तोवर पाठीला जखम होऊ लागली होती आणि पायांतली शक्ती गेली होती. सासूबाई पुढे काठीने चालू लागल्या, पण जिना त्यांना पुन्हा चढवला नाही. त्या मला एवढेच म्हणाल्या, “मला वाटले, डॉक्टरांनीच बसू नका म्हणून सांगितले आहे.” आम्ही त्यांची वाट पाहत होतो आणि त्या आमची!

भगिनींनो, परका कागद घरात येणे आपल्या भागाला नवे नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे वरचे शिक्षणही उर्दूतूनच होते. कचेरीचा कागद आला, की आपल्या आज्या तो घेऊन वाचणाऱ्याच्या दारी जात. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि कचेरीत मराठी आली. पण दवाखान्याचा कागद, औषधाची चिठ्ठी, बँकेचा अर्ज यांतून इंग्रजी अजून आपल्या घरी येतेच. सन २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे मुले वाचतात. पण वाचणे निराळे आणि अर्थ लागणे निराळे. म्हणून हे शब्द एकेक करून पाहू.

पहिला कॅन. हा शक्तीचा शब्द. येथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. ‘मला पुरणपोळी करता येते’ असे आपण म्हणतो, कारण ती शिकलेली विद्या आहे. ‘मी उद्या येऊ शकते’ म्हणतो, कारण सवड आहे. आणि ‘मला जिना चढवत नाही’ म्हणतो, कारण देह साथ देत नाही. या शेवटच्या रूपाला आपल्या व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. इंग्रजीत या तिन्हींना एकच कॅन पुरतो : ‘आय कॅन मेक पुरणपोळी’, ‘आय कॅन कम टुमारो’, ‘आय कान्ट क्लाइम्ब द स्टेअर्स’. आपल्याकडे शकतो, शकते, शकतात अशी रूपे बदलतात. कॅन मात्र बाईला, बुवाला, एकाला, अनेकांना तोच. त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपातच ठेवायचे, मध्ये ‘टु’ घालायचा नाही. ‘शी कॅन सिंग’, झाले काम.

दुसरा मे. याला दोन अंगे आहेत आणि माझी फसगत तेथेच झाली. एक अंग शक्यतेचे. ‘इट मे रेन टुडे’ म्हणजे आज पाऊस येईलही. त्याची धाकटी बहीण माईट. ढग भरून आले असता आपण म्हणतो, “येईल बहुतेक”, तो मे. आणि आभाळाकडे पाहून सुस्कारा टाकत म्हणतो, “आला तर येईल”, तो माईट. दुसरे अंग परवानगीचे. मुले वर्गाच्या दारात ‘मे आय कम इन?’ म्हणतात, तेव्हा ती कदाचित येणार नसतात, आत येऊ का म्हणून विचारत असतात. बाईंनी ‘यू मे’ म्हटले, की त्याचा अर्थ ‘या की!’ हल्ली बोलण्यात परवानगीसाठी कॅनही सर्रास वापरतात. लेखी कागदात मात्र मे अजून टिकून आहे.

मग ओळखायचे कसे? एक खूण सांगते. परवानगी देणारा कोणी तरी असावा लागतो. पावसाला कोणी परवानगी देत नाही, म्हणून तेथला मे शक्यतेचा. डॉक्टर, शिक्षक, साहेब किंवा नियम यांच्याकडून आलेल्या कागदावर माणसाने काय करावे हे लिहिले असेल, तर तो बहुधा परवानगीचा. ‘मे नॉट’ मात्र फार जपून वाचा. ‘शी मे नॉट वॉक’ याचा अर्थ ‘चालायची मनाई आहे’ असाही होतो आणि ‘कदाचित चालणार नाहीत’ असाही. असे दिसले, की स्वतः अर्थ लावू नका. सरळ मराठीत विचारा, “डॉक्टरसाहेब, मनाई आहे, की जमणार नाही असे म्हणता?” विचारण्यात कमीपणा नाही. मी विचारले असते, तर तीन आठवडे वाया गेले नसते.

आता कुड आणि वुड, हे विनंतीचे शब्द. आपल्यातल्या कितीतरी जणी मुलांकडे पुण्याला, हैदराबादला, क्वचित परदेशीही जाऊन राहतात. तिथे शेजारणीला त्या म्हणतात, ‘गिव्ह मी वॉटर.’ त्यांच्या मनात असते ‘पाणी द्या’, अगदी आदराचे. पण ऐकणारीला ऐकू येते ‘पाणी दे’. असे का होते? आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असे तीन दर्जे आहेत. दे, द्या, द्यावे असे क्रियापदही वाकते. इंग्रजीत एकच यू. पूर्वी त्यांच्यातही तूसाठी दाऊ असा वेगळा शब्द होता, पण तो रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला. आपल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला एकेरीत हाक मारते ती मायेने, आणि सासऱ्यांना आपण अहो म्हणतो ते आदराने. या दोन्ही गोष्टी यूमध्ये मावत नाहीत. मग त्यांनी आदर ठेवला कुठे? तो कुड आणि वुडमध्ये ठेवला. आपल्या ‘द्या’मधला ‘या’ म्हणजे त्यांचा कुड, असे समजा. ‘कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?’ हे झाले आपले ‘जरा पाणी देता का?’ नुसत्या प्लीजने भागत नाही. हुकुमाला प्लीज जोडला तरी तो हुकूमच राहतो.

कुड हे तर कॅनचे भूतकाळाचे रूप, ते आजच्या विनंतीला कसे, असे कोणी विचारील. पण आपणही तेच करतो! शेजारणीच्या दारात उभ्या राहून आपण म्हणतो, “एक काम होतं तुमच्याकडे.” काम आत्ताच आहे, पण ‘होतं’ म्हटले, की मागणे थोडे दूर सरकते आणि समोरच्यावर भार पडत नाही. नेमकी हीच रीत इंग्रजीची. म्हणून ‘आय वॉन्ट टी’ न म्हणता ‘आय वुड लाइक टी’ म्हणावे.

एक गंमत सांगून ठेवते. गाडीत कोणी ‘वुड यू माइंड इफ आय सिट हिअर?’ असे विचारले, तर मान डोलावून ‘येस’ म्हणू नका. त्याने विचारले आहे, मी बसलो तर तुमची हरकत आहे का? ‘येस’ म्हटलेत तर तो बिचारा उभाच राहील. ‘नॉट ॲट ऑल’ म्हणजे मुळीच नाही, असे म्हणावे आणि सरकून बसावे.

भगिनींनो, हे शब्द आले म्हणजे इंग्रजी आले, असे माझे म्हणणे नाही. पण कोणाला जमते, काय घडेल, कशाला मुभा आहे आणि कोण आर्जव करते आहे, हे सारे या चार शब्दांवर ठरते. म्हणून ते तरी आपले आपल्याला कळावेत. माझी मंडळाला एक सूचना आहे. दर महिन्याच्या सभेत एकीने घरी आलेला एखादा इंग्रजी कागद आणावा, नावगाव झाकावे आणि सर्वांनी मिळून तो वाचावा. चिवडा-चहाला जेवढा वेळ जातो, तेवढाच पुरे.

सासूबाई आज नाहीत. तो कागद मी कपाटात जपून ठेवला आहे. पहिल्या सभेला तोच आणीन.