गोळी कधी बंद करू?

(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गच्चीवर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लिफ्टमध्ये मला हमखास विचारलं जातं, "डॉक्टर, थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळी बंद करू ना?" चौथा मजला येईपर्यंत उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज इथे बोलते.

"मला थायरॉइड आहे," असं आपण म्हणतो. अहो, तो सगळ्यांनाच असतो! गळ्याच्या पुढच्या बाजूची, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. आयोडीन वापरून ती टी-फोर आणि टी-थ्री ही हार्मोन्स बनवते. टी-फोर हा मुख्यतः साठा. त्यातला आयोडीनचा एक अणू निघाला की टी-थ्री होतं आणि खरं काम तेच करतं. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणं, पाळी, डोक्याची तरतरी, सगळ्यावर त्याचा हात. ते कमी पडलं की थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, केस गळणं. सासूबाईंना झालं तर 'वय झालं', सुनेला झालं तर 'आळस'. तपासणी मात्र कोणी करत नाही. जास्त झालं तर उलट: धडधड, हात कापणं, खाऊनपिऊन वजन उतरणं.

रिपोर्टमधला टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. तो म्हणजे थायरॉइडला दिलेला हुकूम. थायरॉइड मंदावला की हुकूम वाढतो. म्हणून बहुतेकदा टीएसएच जास्त म्हणजे हार्मोन कमी.

आता मूळ प्रश्न. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. गोळीत टी-फोरच असतं. शरीराला जे बनवता येत नाही, ते आपण बाहेरून भरतो. 1891 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. त्या पुढे 28 वर्षं जगल्या. त्यासाठी साडेआठशेहून जास्त मेंढ्या लागल्या म्हणे! आपल्याला एक बारीक गोळी पुरते, तीही जड वाटते.

फसगत कुठे होते? रक्तातलं टी-फोर निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. गोळी सोडल्यावर चार दिवस काही जाणवत नाही, आणि वाटतं, गरजच नव्हती. बाळंतपणानंतरचा बिघाड कधी तात्पुरता असतो, पण तिथेही गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी.

आणि नव्या सुनांनो, हे नीट ऐका. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाचा थायरॉइड हार्मोन बनवत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-फोरवर चालते. दिवस राहिले म्हणून गोळी सोडू नका. उलट बऱ्याचदा डोस वाढवावा लागतो, तेव्हा लगेच डॉक्टरांना गाठा. बाळ झाल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड तपासता येतो. काही बाळं थायरॉइडशिवायच जन्मतात आणि दिसायला अगदी ठणठणीत असतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. रुग्णालयात स्वतःहून विचारा.

बरं, रिपोर्ट आणलेत त्यांनी एकेक करून या. गोळी आज घ्यायची राहिली असेल त्यांनी मसाला दूध जरा थांबून घ्या.