शिपायाचे मत आणि शिपायास मत
(करमाळा येथील भाषण)



१९१९ च्या कायद्याने आपल्या इलाख्यातील खेड्यांत बहुतेक ठिकाणी ३२ रुपये शेतसारा भरणारासच कौन्सिलचे मत मिळाले. पलटणीतून सुटून आलेल्या शिपायास मात्र साऱ्यावाचून मिळाले. पण लढाई करावी की नाही, हे त्यास कोणी विचारले नाही. आज मत सर्वांना आहे. म्हणून माजी शिपाई मत मागावयास दारी आला, तर त्याची पदके मोजू नका. लढाईविषयी काय बोलतो ते ऐका.

अमेरिकेचे मॅकगव्हर्न दुसऱ्या महायुद्धात ३५ वेळा बॉम्बफेकी विमान घेऊन गेले. १९७२ साली व्हिएतनामची लढाई थांबवा म्हणत अध्यक्षपदास उभे राहिले व ५० पैकी ४९ राज्यांत हरले. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले आपले ॲडमिरल रामदास नौदलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर अलिबागेजवळ राहून हिंद-पाक सलोख्यासाठी झटले. आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल असता पक्षासही खडे बोल सुनावले. २०१५ साली ते पद गेले.

खरे बोलणारा पडतो, म्हणून त्याचे बोलणे खोटे ठरत नाही. पलटणीत पोर जाते ते कुणब्याचे, लोहाराचे, चांभाराचे. मग लढाईचा हिशेब आम्हीच मागावयाचा. दुसरा कोण मागणार?