अक्षराबरोबर आकडाही हवा



सही आली की माणूस साक्षर झाला, असे आपण धरून चालतो. पण जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात सहीच्या आधी आकडा उभा असतो. सीसीआय कापसात 8 टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यापुढे भाव कापते, 12 टक्क्यांवर माल घेत नाही. टक्का म्हणजे शंभरातला एक. क्विंटलमागे किलोभर पाणी. कापूस उन्हात का वाळवायचा, हे विज्ञानही त्याच धड्यात येते.

कामगारालाही तेच गणित. मूळ पगार व महागाई मिळून 15,000 रुपये असतील, तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800. 2022 च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात संख्याज्ञान आहे. ते पगारचिठ्ठीवर, काटापट्टीवर शिकवा. कपात पडताळता आली, तरच सही आपल्या मर्जीची!