नाकेबंदींतील स्त्री : एक जपानी मूकपट

गुन्हेगारीची गोष्ट पडद्यावर आली म्हणजे तींत पाठलाग, मारामारी आणि शेवटीं दुष्टाचा नाश हीं ठरलेलीं अंगें असावयाचींच, अशी प्रेक्षकांची समजूत असते. इ. स. १९३३ सालीं जपानांतील शोचिकु कंपनीनें काढलेला ‘हिजोसेन नो ओन्ना’, म्हणजे ‘नाकेबंदींतील स्त्री’, हा मूकपट ही समजूत वरवर राखतो. परंतु आंतून तो निराळाच प्रश्न विचारतो. आडमार्गाला लागलेल्या माणसास परत फिरावयाचें असेल, तर त्यानें आधीं कोणतें ऋण फेडलें पाहिजे?

या चित्रपटाचा दिग्दर्शक यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) पुढें ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) सारख्या शांत कौटुंबिक चित्रांमुळें जगभर नांवाजला गेला. तरुणपणीं त्याला अमेरिकन चित्रपटांचा मोठा नाद होता आणि त्याची छाप येथें स्पष्ट दिसते. जपानांत १९३१ सालींच यशस्वी बोलपट निघाला होता. ओझूचा पहिला बोलका कथापट मात्र १९३६ सालीं आला. तोंवर चित्रगृहांतील ‘बेन्शी’ नांवाचे निवेदक मूकपटांना वाणी देत असत.

कथेची नायिका तोकिको दिवसा एका कचेरींत टायपिस्टचें काम करते आणि रात्रीं जोजी नांवाच्या माजी मुष्टियोद्ध्याच्या टोळींत वावरते. ही भूमिका किनुयो तानाका या विख्यात अभिनेत्रीनें केली आहे. हिरोशी नांवाचा एक विद्यार्थी या टोळीच्या मोहांत सांपडतो. त्याची बहीण काझुको ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या दुकानांत नोकरी करून घर चालवीत असते. भावाला सोडून द्यावें, अशी विनवणी ती जोजीला करते आणि तिच्या साधेपणानें जोजीचें मन हलतें. मत्सरानें पेटलेली तोकिको पिस्तूल घेऊन तिच्याकडे जाते. पण त्या मुलीचा निर्मळपणा पाहून तिचाहि राग मावळतो आणि असें जीवन आपणांसहि लाभावें, ही इच्छा तिच्या मनांत उत्पन्न होते.

ओझूची शैली येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. आरंभींच खुंट्यांवर ओळीनें टांगलेल्या टोप्या दिसतात व त्यांतील एक आपोआप खालीं पडते. टंकयंत्रांच्या रांगेवरून कॅमेरा सावकाश सरकतो. तबकड्यांच्या दुकानांत ग्रामोफोनपुढें बसलेल्या प्रसिद्ध कुत्र्याची प्रतिमा वरचेवर दृष्टीस पडते. निर्जीव वस्तूंवर अशी नजर ठेवून तो माणसांच्या मनांतील अवघडलेपण सुचवितो. त्यासाठीं लांबलचक भाषणांची त्याला गरज वाटत नाहीं.

पुढें हिरोशी बहिणीच्या दुकानांतील पैसे चोरतो. ते भरून देण्यासाठीं जोजी व तोकिको शेवटचा एक दरोडा घालतात. येथेंच खरी गांठ आहे. हेतु परोपकाराचा, पण साधन जुनेंच! अशा पैशानें दुसऱ्याची अब्रू वांचेल. पण स्वतःचें आयुष्य नवें होणार नाहीं. पोलिसांचा वेढा आंवळत आला असतां तोकिकोला हें उमगतें. शिक्षा भोगून मग मोकळ्या मनानें संसार मांडूं, असें ती विनविते. जोजी ऐकत नाहीं आणि पळूं लागतो. तेव्हां ती त्याच्या पायावर गोळी झाडते. मग दोघें एकमेकांना मिठी मारतात आणि पोलिसांच्या स्वाधीन होतात.

पूर्वीं मत्सरापोटीं उचललेलें शस्त्र या वेळीं ममतेपोटीं चालविलें जातें. नेहमींच्या गुन्हेपटांत पकडलें जाणें हा पराभव असतो. या चित्रपटांत तीच सुटकेची पहिली पायरी ठरते. पश्चात्ताप शब्दांनीं व्यक्त करणें सोपें असतें. शिक्षेची वर्षें मोजून देण्याची तयारी हीच त्याची कसोटी होय.