लुटुपुटीची लढाई आणि खरी दक्षता

मुलांच्या खेळांत लढाईचा खेळ फार जुना आहे. कामटीची तलवार, सुपाची ढाल आणि अंगणांत रचलेला मातीचा किल्ला एवढ्या सामग्रीवर दिवाळीच्या सुटींत मोठमोठीं राज्यें जिंकलीं जातात, आणि तिन्हीसांजेला हातपाय धुण्याची हांक आली कीं तीं बिनतक्रार परत केलीं जातात. वय वाढलें म्हणजे तलवार अडगळींत पडते. परंतु दबा धरून बसण्याची, प्रतिपक्षास हुलकावणी देण्याची आणि सोबत्यांच्या साह्यानें ठाणें काबीज करण्याची ती हौस सर्वांच्याच मनांतून जाते असें नाहीं.

तोक्यो शहराच्या पूर्वेस चिबा नांवाचा प्रांत आहे. तेथील झाडींत आणि टेकड्यांत प्रौढांच्या अशा लढाईसाठीं मुद्दाम राखलेलीं मैदानें पुष्कळ आहेत. रविवारीं सकाळीं कारकून, यंत्रज्ञ, दुकानदार, विद्यार्थी अशी मंडळी तेथें जमतात. दोन तट पडतात. एकाच्या दंडावर लाल पट्टी, दुसऱ्याच्या दंडावर पिवळी. शिटी वाजली कीं लुटुपुटीची लढाई सुरू होते. ह्या खेळास जगांत ‘एअरसॉफ्ट’ म्हणतात. जपानांत त्याचें लाडकें नांव ‘साबागे’ असें आहे.

सामान्य नागरिकास पिस्तूल बाळगण्याची जपानांत मनाई आहे. त्यामुळें १९७० नंतरच्या दशकांत तेथील खेळणीं बनविणाऱ्या कारखानदारांनीं प्लॅस्टिकचा मणी फेंकणाऱ्या नकली बंदुका काढल्या. आरंभीं प्रत्येक वेळीं हातानें स्प्रिंग ओढावी लागे. पुढें दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या बंदुका निघाल्या. आणि १९९१ मध्यें तोक्यो मारुई ह्या कंपनीनें बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारांत आणली, तेव्हां ह्या खेळास खरा वेग आला. तिच्यांतील मोटर दांत्यांच्या चाकांकडून दट्ट्या मागें ओढते. स्प्रिंगेच्या जोरानें तो पुढें येतो आणि त्यानें दाबलेली हवा मण्यास नळींतून बाहेर ढकलते.

हा मणी ६ मिलिमीटर व्यासाचा, लहानशा वाटाण्याएवढा असतो. त्याचें वजन बहुधा ०.२० ग्रॅम, म्हणजे पांच मणी मिळून एक ग्रॅम. नळीच्या आरंभीं बसविलेला रबराचा तुकडा त्यास उलटी फिरकी देतो. त्या फिरकीमुळें हवा मण्यास उचलून धरते आणि तो चाळीस-पन्नास मीटरपर्यंत बराचसा सरळ जातो. वजन ऐकून हसूं येईल; परंतु वेग पाहिला म्हणजे हसूं मावळतें. जपानांत २००६ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा मण्याची शक्ति सुमारें ०.९८ ज्यूलपेक्षां अधिक असूं नये असें ठरलें. शाळेंतल्या गणिताप्रमाणें हिशेब केला, तर ०.२० ग्रॅमच्या मण्यास ह्या मर्यादेंत सेकंदास ९९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें ३५६ किलोमीटर, वेग येतो. ब्रिटनमध्यें २०१७ च्या कायद्यानें सलग मणी सोडणाऱ्या बंदुकीस १.३ ज्यूल आणि एकेक मणी सोडणाऱ्या बंदुकीस २.५ ज्यूल अशी मर्यादा घातली.

असा मणी कपड्यावर बसला तर चिमटा काढल्यासारखें होतें. उघड्या कातडीवर बसला तर लाल वण उठतो आणि थोड्या दिवसांत जातो. परंतु शरीरांत एक अवयव असा आहे कीं, ज्यास हा चिमटा सोसत नाहीं. डोळ्यावर मणी बसला तर बुबुळापुढील पोकळींत रक्त उतरतें, वरच्या पारदर्शक पटलावर ओरखडा येतो, आंतील भिंग गढुळून मोतीबिंदु होतो, क्वचित् मागचा पडदा सुटतो. जखम वरून बरी दिसली तरी पुढें कांहीं वर्षांनीं काचबिंदु उद्भवण्याची भीति राहते. म्हणून ज्याच्या डोळ्यास मणी लागला असेल त्यानें डोळा चोळूं नये, दाबूं नये, आणि दिसतें आहे असें म्हणून घरीं न जातां त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें.

नंबरचा साधा चष्मा हें ह्या खेळांतलें रक्षण नव्हे. तो फुटला तर त्याचे तुकडेच डोळ्यांत जावयाचे. चष्मा लावणाऱ्यानें त्यावरून बसेल असा मोठा संरक्षक चष्मा घ्यावा. भिंगावरील खुणा वाचण्याची संवय ठेवावी. युरोपांत दीर्घकाळ चालत आलेल्या ईएन १६६ ह्या मानकाच्या परीक्षेंत ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी भिंगावर मारून पाहतात. ‘एफ’ खुणेच्या भिंगानें ती सेकंदास ४५ मीटर वेगाची, आणि ‘बी’ खुणेच्या भिंगानें १२० मीटर वेगाची सोसली पाहिजे. पहिल्या आघाताची शक्ति सुमारें ०.८७ ज्यूल आणि दुसऱ्याची सुमारें ६.२ ज्यूल भरते. म्हणजे ‘एफ’ची परीक्षा जपानांतील कायदेशीर बंदुकीच्या शक्तीहूनहि किंचित् कमी, आणि ‘बी’ची सहापटींहून अधिक. दोन्ही चष्मे दुकानांत शेजारीं शेजारीं मांडलेले असतात आणि दिसण्यांत फारसा फरक नसतो. फरक ह्या एका अक्षरांत असतो. तारेच्या जाळीचे चष्मे वाफेनें धुरकट होत नाहींत हा त्यांचा गुण खरा. परंतु कच्चा मणी जाळीवर आपटून फुटला तर त्याचा चुरा भोंकांतून आंत येऊं शकतो. डोळ्यांसाठीं अखंड भिंग आणि नाकातोंडासाठीं जाळी अशी वांटणी पुष्कळ जाणते खेळाडू करतात. तोंड झांकणें ही चैन नव्हे. पुढचा दांत एकदां तुटला कीं तो पुन्हां येत नाहीं.

चष्मा न लावतां मैदानांत कोणी उतरत नाहीं, आणि व्यवस्थापक उतरूंहि देत नाहींत. चष्मा निघतो तो मध्येंच, आणि त्याचें कारण बहुधा घाम असतें. समजा, एखादा नवशिका दहा मिनिटें धांवून झुडुपामागें दबला आहे. त्याचा ऊन श्वास आणि घामाची वाफ चष्म्याच्या थंड भिंगावर बसते. समोर धुक्यावांचून कांहीं दिसत नाहीं. आसपास कोणी नाहीं असें पाहून तो क्षणभर चष्मा वर करतो आणि रुमालानें पुसूं लागतो. परंतु पन्नास मीटरवरून येणाऱ्या मण्यास तो दिसत नसतो, आणि मणी सोडणाऱ्यासहि त्याचें फक्त डोकें दिसत असतें. ह्या एका क्षणासाठीं नियम असा आहे कीं, चष्मा धुरकटला तर हात वर करावा, आपण बाद झालों असें ओरडून सांगावें, आणि चष्मा तसाच ठेवून सोबत्याच्या आधारानें मैदानाबाहेर यावें. डाव गेला तर दुसरा डाव तासाभरांत मिळतो. दुहेरी भिंगाचा चष्मा, वाफ न धरणारा लेप, चष्म्यांत बसविलेला चिमुकला पंखा हे उपाय आधींच करून ठेवले, तर ही वेळ सहसा येत नाहीं.

खेळापूर्वीं प्रत्येक बंदुकीचा वेग मापकयंत्रावर मोजतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. केवळ वेग पाहून चालत नाहीं, मण्याचें वजनहि पाहावें लागतें. ०.२५ ग्रॅमच्या मण्यास ०.९८ ज्यूलची मर्यादा सेकंदास सुमारें ८८ मीटर वेगालाच गांठली जाते. म्हणून ज्या वजनाचा मणी खेळांत वापरावयाचा, त्याच वजनाच्या मण्यानें मोजणी व्हावी. लहान मुलांच्या बाबतींत तर अधिक कांटेकोर राहिलें पाहिजे. जपानांतील व्यावसायिक संघटनांनीं दहा वर्षांवरील मुलांच्या बंदुकांस ०.१३५ ज्यूलची वेगळी मर्यादा घातली आहे, आणि पूर्ण शक्तीच्या बंदुका अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठींच असतात.

हत्यारांची चर्चा करण्यांत रात्र घालविणारे उत्साही लोक आपल्या देहाची चौकशी क्वचितच करतात. आठवडाभर खुर्चीवर बसलेला मनुष्य रविवारीं एकाएकीं धांवतो, वांकतो, गुडघ्यावर बसतो, उठतो, पुन्हां धांवतो. आणि सोमवारीं त्यास जिना उतरवत नाहीं. ह्या खेळांत लांब पल्ल्याची धांव थोडी असते. वीस-तीस मीटरची झडप आणि मग बराच वेळ आखडून बसणें, हा त्याचा क्रम. तयारीहि तशीच असावी. सहा ते आठ आठवडे आधीं रोज अर्धा तास भरभर चालण्यानें आरंभ करावा. दोन आठवड्यांनीं चालण्याच्या मध्यें लहान लहान धांवा घालाव्या. मांड्यांसाठीं बैठका, पाठीच्या आणि पोटाच्या बळकटीसाठीं सूर्यनमस्कार हे आपल्याकडील जुने व्यायाम येथेंहि उत्तम उपयोगी पडतात. घोट्यांसाठीं एका पायावर तोल सांभाळून उभें राहण्याचा सराव करावा; कारण ओबडधोबड जमिनीवर सर्वांत अधिक मुरगळतो तो घोटाच. बंदूक आणि इतर सामान मिळून तीन-चार किलो वजन होतें, तेव्हां शेवटीं शेवटीं पाठीवर तितकें ओझें घेऊन चालावें. घोटा झांकणारे जोडे आधीं कांहीं दिवस वापरून पायांत रुळवावे. नवा जोडा मैदानांत प्रथमच घालणें म्हणजे फोडांस आमंत्रण. दमा, हृदयविकार किंवा जुनें दुखणें असणाऱ्यानें वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि आपलें औषध कोणत्या खिशांत आहे तें एका सोबत्यास सांगून ठेवावें.

जपानचा उन्हाळा दमट आणि जाचक असतो. मण्यापासून रक्षण करणारे लांब बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि मुखवटा हेच देहाची उष्णता कोंडून धरतात. ऊन, आर्द्रता आणि तापमान ह्यांचा एकत्र विचार करणारा एक उष्णता-निर्देशांक तेथें प्रसिद्ध होतो. तो २८ वर गेला कीं कडक सावधगिरी, आणि ३१ वर गेला कीं व्यायाम शक्यतों बंद, असा तेथील दंडक आहे. तहान लागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी वारंवार प्यावें. पुष्कळ घाम जात असेल तर लिटरभर पाण्यांत एक-दोन ग्रॅम मीठ असावें. डोकें दुखूं लागणें, मळमळणें, पायांत गोळे येणें ह्या खुणा दिसल्या कीं डाव सोडून सावलींत यावें, कपडे सैल करावे आणि मान, काखा व जांघा गार कराव्या. मनुष्य असंबद्ध बोलूं लागला किंवा हांकेस ओ देईनासा झाला, तर त्यास पाणी पाजूं नये. अंग गार करीत राहून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. जपानांत तिचा क्रमांक ११९ आहे.

झाडींतले खरे शत्रु निराळेच असतात. शरद् ऋतूंत तेथील मोठ्या गांधीलमाशा फार चिडक्या होतात, आणि काळ्या रंगावर त्या विशेष धांवून येतात. गवतांत मामुशी नांवाचा विषारी साप आढळतो. गोचिडीमुळें होणाऱ्या एका घातक तापाचा पहिला रुग्ण जपानांत २०१३ मध्यें जाहीर झाला. म्हणून विजार जोड्यांत किंवा मोज्यांत खोंचावी, घरीं येतांच अंग तपासावें, आणि रुतून बसलेली गोचीड ओढून न काढतां वैद्याकडून काढवावी.

विश्रांतीच्या जागेंत शिरण्यापूर्वीं मण्यांची पेटी काढणें पुरेसें नसतें. पेटी काढल्यावरहि एखादा मणी आंत राहतो. म्हणून ठरलेल्या जागीं नळी जमिनीकडे धरून बंदूक रिकामी उडवावी, खटका बंद करावा आणि नळीच्या तोंडावर पिशवी चढवावी. जेथें लोक चष्मा काढून जेवावयास बसलेले असतात, तेथें हा उरलेला एक मणी सर्वांत घातक. मैदानाबाहेर बंदूक नेहमीं झांकलेल्या पेटींतून न्यावी. रस्त्यांतल्या मनुष्यास आणि पोलिसास ती नकली आहे हें दुरून कळणें शक्य नसतें.

एवढे सारे नियम पाळूनहि शेवटीं हा खेळ एका गोष्टीवर उभा आहे, आणि ती यंत्रानें मोजतां येत नाहीं. मणी लागल्याची खूण उरत नाहीं. झाडींत दडलेल्या खेळाडूस तो लागला कीं नाहीं हें दुसऱ्यास क्वचितच दिसतें. ज्यास लागला त्यानेंच ‘हिट’ असें मोठ्यानें म्हणून, हात वर करून बाहेर पडावयाचें असतें. जो लागूनहि गप्प राहतो त्यास जपानी खेळाडू ‘झोंबी’, म्हणजे चालतें प्रेत, म्हणतात. त्याच्या लबाडीनें डाव तर बिघडतोच. परंतु समोरचा खेळाडू चिडून त्याच्यावर मण्यांमागून मणी सोडूं लागतो, जवळून सोडतो, तोंडावर सोडतो, आणि मग खेळाची लढाई लुटुपुटीची राहत नाहीं. जेथें लोक लागलें म्हणून आपण होऊन सांगतात, तेथें एका मण्यावर काम भागतें.

संध्याकाळीं चिबाच्या त्या मैदानावर शेवटची शिटी होते. लाल आणि पिवळ्या पट्ट्या एकाच पेटींत पडतात, बंदुका पिशव्यांत जातात, आणि सकाळपासून एकमेकांवर टपलेले लोक एकमेकांस नमस्कार करून एकाच गाडीनें शहराकडे परततात. दोन्ही डोळे शाबूत घेऊन जो घरीं परतला आणि लागलेला एकहि मणी ज्यानें लपविला नाहीं, त्याचा तो रविवार सत्कारणीं लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.