दफ्तरातला कागद कुणी केला?

(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



मी सॉफ्टवेअरवाला, पण आज बोलणार आहे कागदावर.

मोडी दफ्तरांचे अभ्यासक दोन कागदांची नावं हमखास सांगतात: जुन्नरी आणि दौलताबादी. हा कागद करणारी कुटुंबं मुस्लिम होती. लोक त्यांना कागदी किंवा कागजी म्हणत. दौलताबादहून खुलताबादला जाताना त्यांचं गावच लागतं, कागजीपुरा. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा हे कारागीर आले, असं सांगतात. पुण्यातही कागदीपुरा आहे.

घर हाच कारखाना. चिंध्या, जुने दोर, पोती चुन्यात भिजवायची, कुटायची, धुवायची. लगदा हौदात ढवळून चाळणीवर पातळ थर उचलायचा. ताव वाळला की खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही. त्याच कागदावर कुराण लिहिलं गेलं, पोथ्या लिहिल्या गेल्या आणि मराठी राज्याचे हिशेबही.

इंग्रजी अमदानीत गिरणीचा स्वस्त कागद आला. तुरुंगांतही कैद्यांकडून कागद करून घेऊ लागले. कागदींचं गिऱ्हाईक तुटलं. 1934 मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा गांधीजी आणि कुमारप्पांनी हातकागदाला पुन्हा हात दिला. पुढे पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. लिहिण्याचा कागद गिरणीकडे गेला. हातकागद वह्यांची वेष्टनं, पुस्तकबांधणी, लग्नपत्रिका यांत टिकला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: काम करणारा गेला तरी काम कळावं, म्हणून ते लिहून ठेवायचं. कागदींनी सगळ्यांसाठी कागद केला, पण त्यांची स्वतःची नावं त्यावर फारशी उतरली नाहीत. म्हणून आज कुणी विचारतो, "मराठी मुलखात तुमचं काय?" आणि आपण गप्प बसतो. अहो, ज्या कागदावर या मुलखाचा इतिहास लिहिला, तो आपल्या माणसांनी घोटलेला आहे!

आपल्या भंडारा जिल्ह्यात विडी आहे, आंधळगावचा कोसा आहे, पितळेची भांडी आहेत. या कामांत सगळ्या समाजांचे हात आहेत. तुमच्या घरी नानी-दादी, अब्बा, चाचा यांना विचारा: काम कुठलं, हत्यारं कुठली, मजुरी किती मिळायची, धंदा का सुटला? फोनवर आवाज टिपा, मग मराठीत लिहा. ही माणसं आहेत तोवरच हे होईल.