अटलांटिकची मंदावणारी चाल



हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. समुद्र ती साठवतो, तशी वाहूनही नेतो, आणि माझी काळजी या वाहतुकीची आहे.

अटलांटिक महासागरात उष्ण कटिबंधातलं ऊबदार, खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जातं. ग्रीनलँड-आइसलँडच्या परिसरात गार वारे त्याची ऊब काढून घेतात. गारठलेलं खारं पाणी जड होऊन खोल बुडतं आणि तळाच्या बाजूने दक्षिणेकडे परततं. हे अभिसरण सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी हलवतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात त्याच्या दहापटीहून जास्त!

तापमानवाढीने घाव घातला आहे तो नेमका या बुडण्यावर. वरचं पाणी तापून हलकं होतं. त्यात ग्रीनलँडचं वितळलेलं गोडं पाणी मिसळतं. हलकं पाणी बुडणार कसं? सगळं जग तापत असताना ग्रीनलँडच्या दक्षिणेचा समुद्राचा एक पट्टा शतकभरात उलट गार झाला आहे. प्रवाह मंदावल्याची ही खूण आहे, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात.

हे मोजतात कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. फ्लोरिडा आणि बहामा बेटांदरम्यान समुद्रतळाशी टेलिफोनची एक जुनी केबल होती. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहिलं की केबलमध्ये किंचित विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरून १९८२ पासून तिथला प्रवाह मोजला गेला. २००४ पासून थेट आफ्रिकेच्या बाजूपर्यंत तळाला नांगरलेल्या तारांवर उपकरणं बसवली आहेत. २००९-१० मध्ये अभिसरण जवळपास ३० टक्क्यांनी घटलं आणि पुन्हा सावरलं.

एवढ्या दूरच्या पाण्याशी आपला काय संबंध? हे अभिसरण फार मंदावलं तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल आणि आपला मोसमी पाऊस दुबळा होईल, असं हवामानाची प्रारूपं दाखवतात. या शतकात ते मंदावण्याची शक्यता खूप जास्त आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०२१ मध्ये म्हटलं. २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, याबद्दल मात्र समितीला खात्री आहे ती मध्यमच.

निसर्गाचा चढउतार कोणता आणि आपण घडवलेली घसरण कोणती, हे वेगळं करायला वीसेक वर्षांच्या नोंदी अपुऱ्या पडतात. म्हणून ही मोजणी पैशाअभावी खंडित होता कामा नये. आणि कार्बन उत्सर्जन कमी करायला तिच्या निकालाची वाट पाहू नये.